स्पॅनिशमधलं पोर आणि पारा: सगळा घोळ 'साठी'चा

पोर आणि पारा हे स्पॅनिशमधले दोन छोटे शब्द, मराठीत दोन्हींचं बऱ्याचदा 'साठी'च होतं. प्रश्न असा आलाय की 'तुझ्या मदतीसाठी थँक्यू' याचं 'ग्रासियास पारा तु आयुदा' केलं तर ते चूक ठरलं, तिथे पोर हवं म्हणे, आणि साठी म्हणजे पारा असंच तर पहिल्यापासून शिकवलंय, मग इथे काय झालं?

माझं मत विचाराल तर चूक स्पॅनिशमधे नाही, त्या मराठी वाक्यातच आहे. 'मदतीसाठी धन्यवाद' हे इंग्रजीवरून आलेलं. आपल्याकडे आभार मानतात ते मदती*बद्दल*. आणि या बद्दलमधे अरबी बदल आहे, म्हणजे मोबदला, तू मदत केलीस त्याच्या बदल्यात माझे आभार. पोरचं एक मोठं काम नेमकं हेच, देवाणघेवाण. म्हणून दहा युरोला पुस्तक घेतलं तरी पोर, आणि भाऊ आजारी म्हणून त्याच्या जागी मी ड्यूटी केली तरी पोर. 'त्राबाखो पोर मी एर्मानो' म्हणजे भावाच्या बदली किंवा भावाखातर काम करतो, आणि 'त्राबाखो पारा मी एर्मानो' म्हटलं की भाऊ मालक झाला, मी त्याच्याकडे नोकरीला!

आपण सगळे स्पॅनिश शिकतो इंग्रजी 'फॉर'मधून, तिथे हे सगळं एकाच पोत्यात भरलेलं असतं. मराठीत मुळे, खातर, पायी, कडून, मधून, बद्दल असे वेगवेगळे शब्द आयते आहेत. वाक्यात यातलं काही नीट बसलं की बहुतेक वेळा पोर. 'दोन किहोते' ही कादंबरी सेर्वांतेसकडून लिहिली गेली, तिथे पोर. बागेतून चालत गेलो, पोर. पावसामुळे आलो नाही, पोरच.

पारा मात्र कुठेतरी पोचायला निघालेला असतो. जुन्या स्पॅनिशमधे हा शब्द पोरा होता, मिओ सिद या मध्ययुगीन स्पॅनिश वीरकाव्यात तसाच सापडतो, म्हणजे पोरला 'आ' चिकटलेला आणि हा आ दिशा दाखवणारा. त्यामुळे ज्याला द्यायचं तो माणूस, जिथे जायचं ते ठिकाण (बोय पारा कासा, घरी निघालोय), ज्या दिवसापर्यंत काम हवं तो दिवस (पारा एल लुनेस, सोमवारपर्यंत), सगळीकडे पारा. यातला पर्यंतवाला लोक हमखास विसरतात.

सगळ्यात भारी जोडी म्हणजे 'पोर के' आणि 'पारा के'. याला मराठीत का आणि कशाला असे शब्द तयारच आहेत. का आलास म्हटलं की कारण विचारलं, कशाला आलास म्हटलं की काय काम काढलंस (आणि जरा खवचटपणाही, जो स्पॅनिशमधे 'पारा के'मधेही येऊ शकतो).

आता जिथे ही युक्ती गंडते ते पण सांगतो. स्वातंत्र्यासाठी लढणे, इथे हेतू चक्क समोर दिसतोय, तरी स्पॅनिशमधे 'लुचार पोर ला लिबेर्ताद' म्हणतात. मी स्वतः तिथे मनात 'स्वातंत्र्यापायी' म्हणतो आणि पुढे जातो, नियम वगैरे नाही हा, पण चालतं. उलट 'माझ्या मते'ला 'पारा मी' आणि 'वयाच्या मानाने'ला 'पारा सु एदाद', हे दोन सरळ पाठ करा, तर्क लावत बसू नका.

आणि प्रदेशाप्रमाणे फरक पडतो तो वेगळाच. पाव आणायला जाणं स्पेनमधे 'ईर आ पोर पान', लॅटिन अमेरिकेत नुसतं 'ईर पोर पान', तिकडच्यांना तो जादाचा आ कानाला खटकतो. 'एस्तोय पोर सालीर' म्हणजे लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मी निघतोच आहे, स्पेनमधे मात्र निघावं की काय असं मनात येतंय. तेव्हा व्हिडिओ बघून शिकत असाल तर बोलणारा मेक्सिकोचा की माद्रिदचा ते आधी बघा.