डॉलरच्या सौद्याचा चुकारा कोण देते?

प्रश्न : नमस्कार सर. आमचं वणी तालुक्यात तिघा भावांचं मिळून लहान जिनिंग आहे, थोड्या गाठी बांगलादेशला जातात अन् पैसे डॉलरमधी येतात. मागच्या महिन्यात पोरानं ब्रोकरकडून डॉलरचे वीस लॉट फ्युचर विकून ठेवले, म्हणे रेट पडला तरी आपलं नुकसान नाही. तवापासून रोज संध्याकाळी कधी पैसे कटतात कधी जमा होतात. समोर घेणारा कोण आहे ते ब्रोकरलेही माहीत नाही. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्याशी सौदा कसा, अन् तो पळाला तर? पोरगा म्हणते क्लिअरिंग हाऊस आहे, ते पाहून घेते. हे काय असते? अन् शेवटी डॉलर कोणाले नेऊन द्यायचे?

उत्तर : भाऊ, तुमची शंका अगदी बरोबर आहे आणि ती मला घरची वाटली. मी नववीत असताना आमच्या बाबांनी खेडा खरेदीवाल्या एका व्यापाऱ्याला कापूस मोजून दिला, काटापट्टी हातात होती, होळीपर्यंत चुकारा देतो म्हणाला आणि होळीच्या आधीच तो गाव सोडून गेला. भाव चांगला लागला होता, सौदाही बाबांच्या फायद्याचा होता, तरी पैसा बुडाला, कारण फायदा कागदावर होता आणि देणारा माणूस जाग्यावर नव्हता. क्लिअरिंग हाऊस नेमकं याच दुखण्यावर आहे म्हणून मी थोडं सविस्तर सांगतो.

तुमच्या मुलानं फ्युचर विकलं, म्हणजे पुढच्या एका तारखेला आजच ठरलेल्या भावानं डॉलर विकायचा सौदा केला, मुंबईत किंवा कुठे तरी कोणीतरी तो घेतला. सौदा जुळला की क्लिअरिंग कॉर्पोरेशन (मुलगा म्हणतो ते क्लिअरिंग हाऊस हेच) मधे येऊन उभं राहतं, म्हणजे तुमच्यासाठी तेच घेणारं आणि त्या माणसासाठी तेच विकणारं. आपल्या बाजार समितीत अडत्या असतो ना, व्यापाऱ्यानं पैसे केव्हा द्यायचे ते द्यावे, शेतकरी तर अडत्याचाच दरवाजा वाजवतो, तसंच थोडंसं. फरक एवढा की अडत्या ओळखीवर चालतो आणि हे आधी पैसे ठेवून घेतल्याशिवाय कोणालाच दारात उभं करत नाही. एनएसई या एक्स्चेंजवरच्या सौद्यांसाठी हे काम एनएसई क्लिअरिंग करतं. त्यामुळे समोरच्याचं नाव माहीत नसणं हा तुमचा धोका नाही, त्याचं नाव तुम्हाला लागतच नाही.

आता रोज पैसे का कटतात. 1 लॉट म्हणजे 1000 डॉलर, तुमचे वीस लॉट म्हणजे 20,000 डॉलर. समजा मुलानं 85 रुपयांनी विकले (आकडे समजायला सोपे घेतलेत, आजचा भाव नाही). एक्स्चेंज रोज शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांचा सरासरी भाव काढून त्या दिवसाचा सेटलमेंट भाव ठरवतं. तो 85.30 निघाला तर तुम्ही 30 पैशांनी मागे, म्हणजे 6000 रुपये तुमच्याकडून जातील आणि घेणाऱ्याकडे पोचतील. दुसऱ्या दिवशी 85.10 झाला की 20 पैशांचे 4000 परत तुमच्याकडे. याला मार्क टू मार्केट म्हणतात आणि हा पैसा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खरोखर इकडून तिकडे जातो. म्हणजे कोणाचीही उधारी एका दिवसापेक्षा जास्त साचू द्यायची नाही, आणि त्या एका दिवसात भाव जितका हलू शकतो तितकी मार्जिन, म्हणजे हमीची रक्कम, आधीच दाबून ठेवायची. बाबांच्या व्यापाऱ्याकडे जर रोज संध्याकाळी असा हिशोब झाला असता तर तो पळालाही असता तरी एका दिवसाचंच बुडालं असतं, अन् तेही त्यानं ठेवलेल्या पैशातून निघालं असतं.

महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजी दिवस आधी, दुपारी साडेबाराला तुमचा मंथली सौदा बंद होतो. शेवटचा हिशोब बाजारातल्या भावानं नाही तर डॉलरच्या रेफरन्स रेटनं होतो, तो पूर्वी रिझर्व्ह बँक काढायची, जुलै 2018 पासून एफबीआयएल नावाची संस्था काढते. समजा तो 84.20 निघाला. 85 वजा 84.20 म्हणजे 80 पैसे, गुणिले 20,000, तर सगळे दिवस मिळून तुमच्याकडे 16,000 रुपये आलेले असतील, त्यातला शेवटचा हिस्सा दोन कामकाजी दिवसांनी. डॉलर कोणालेच नेऊन द्यायचे नाहीत. आपल्याकडे हा सौदा पूर्ण रुपयांत सुटतो. बांगलादेशचे खरे डॉलर आले की तुम्ही ते बँकेत 84.20 च्या आसपास विकाल, 16,84,000 होतील, त्यात हे 16,000 घातले की 17 लाख, म्हणजे बरोबर 85 चा भाव. बँकेचं कमिशन आणि थोडा पैशांचा फरक सोडून द्या.

अमेरिकेत शिकागोच्या एक्स्चेंजवर मात्र वेगळं आहे. तिथे 16 मे 1972 ला परकीय चलनाचे फ्युचर सुरू झाले (त्याच वर्षी आपल्याकडे कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि चुकाऱ्यासाठी थांबणं काय असतं ते आपल्या मागच्या पिढीनं पाहिलं), आणि तिथल्या युरोच्या सौद्यात शेवटपर्यंत राहिलात तर एका लॉटचे 1,25,000 युरो खरंच द्यावे किंवा घ्यावे लागतात. दोन देशांचा खरा पैसा जिथे अदलाबदल होतो तिथे एक जुना घाव आहे, 26 जून 1974 ला जर्मनीतली हर्श्टाट बँक बंद केली गेली, लोकांनी त्या दिवशी तिला मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) देऊन टाकले होते आणि न्यूयॉर्कमधे बदल्यात डॉलर मिळायच्या आत तिचं शटर पडलं. एका हातानं दिलं, दुसऱ्या हाताला काही आलं नाही. रुपयात फक्त फरक देण्याघेण्याच्या आपल्या पद्धतीत हे दुखणं येतच नाही.

कोणी तरी खरंच बुडवलं तर काय, हे तुम्ही विचारलंच आहे. आधी बुडवणाऱ्याचीच मार्जिन आणि त्यानं ठेवलेले पैसे जातात, मग क्लिअरिंग कॉर्पोरेशन स्वतःच्या खिशातला ठरलेला भाग घालतं, आणि सेटलमेंट गॅरंटी फंड असतो, ज्यात कॉर्पोरेशन आणि एक्स्चेंजचा पैसा असतो आणि मेंबरांकडूनही (म्हणजे तिथे सौदे मिटवणाऱ्या ब्रोकर-बँकांकडूनही) घेता येतो. गावच्या भिशीत एकानं हप्ता चुकवला तर बाकीचे सांभाळून घेतात तसं, पण नियम लिहून ठेवलेले. पण एक गोष्ट मनावर घ्या भाऊ, ही हमी मेंबरपर्यंत आहे. तुमच्या स्वतःच्या ब्रोकरनं तुमचे पैसे खाल्ले तर तो वेगळा मामला, त्याच्यासाठी एक्स्चेंजचा इन्व्हेस्टर प्रोटेक्शन फंड असतो आणि त्याला मर्यादा असते. म्हणून एक्स्चेंजकडून थेट येणारे मेसेज रोज वाचा, ब्रोकरच्या तोंडी हिशोबावर राहू नका.

आणि मला तुमची खरी काळजी दुसरीच वाटते. डॉलर वाढत राहिला तर तुमचे गाठींचे पैसे वाढतील, पण ते दोन महिन्यांनी, फ्युचरचा कट मात्र उद्याच भरायचा. 85 वरून 87 झाला तर 40,000 रुपये तुम्हाला मधेच उभे करावे लागतील, सीझनमधे, जेव्हा सगळा पैसा कापूस खरेदीत अडकलेला असतो. नाही भरले तर ब्रोकर सौदा कापून टाकतो आणि सगळी मेहनत वाया. कापूस घ्यायच्या पैशातून थोडा बाजूला काढून ठेवा किंवा बँकेत फॉरवर्डचं विचारा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव थेट बँकेशीच आज ठरवायचा, तिथे असं रोज कटत नाही, फक्त बँकेनं मंजूर केलेली लिमिट लागते.

प्रश्न : आमची वरूडची संत्र्याची कंपनी आहे. ऑप्शन घेतला तर रोजचा कट नसतो असं ऐकलं, मग हिशोब कसा होतो? (एक वाचक ताई)

उत्तर : ताई, ऑप्शन म्हणजे जमिनीच्या इसारासारखा समजा. इसार दिला, व्यवहार करायचा की नाही ते तुमच्या हाती, नाही केला तर इसार गेला, त्याच्यावर एक पैसा नाही. तुम्हाला डॉलर यायचे आहेत तर पुट घ्या, म्हणजे ठरलेल्या भावानं विकायचा हक्क. 85 चा पुट 40 पैशात मिळाला तर एका लॉटला 400 रुपये प्रीमियम, तो दुसऱ्या कामकाजी दिवशी क्लिअरिंगमधून विकणाऱ्याकडे जातो आणि तुमचं देणं तिथेच संपतं. शेवटी रेट 84.20 निघाला तर 800 रुपये आपोआप जमा, अर्ज करावा लागत नाही. 85 च्या वर राहिला तर काही नाही. आपल्याकडचे हे ऑप्शन शेवटच्या दिवशीच वापरता येतात, पण मधे कधीही बाजारात विकता येतात. विकणाऱ्याचं मात्र उलटं, त्याला प्रीमियम मिळतो पण मार्जिन शेवटपर्यंत ठेवावी लागते आणि भाव त्याच्या विरोधात गेला की ती वाढत जाते, म्हणून कोणी तुम्हाला पुट विकून घरबसल्या कमाई सांगत असेल तर अजिबात ऐकू नका.

प्रश्न : मी दारव्ह्याचा, शिक्षण झालं, नोकरी नाही. मोबाईलवर डॉलरचं ट्रेडिंग करू का?

उत्तर : नको रे भाऊ, आणि नियमानंही नाही. रिझर्व्ह बँकेनं 5 जानेवारी 2024 च्या सर्क्युलरमधे स्पष्ट केलं आणि ते 3 मे 2024 पासून लागू आहे, की रुपयाच्या चलन सौद्यात येणाऱ्याचं खरोखरचं परकीय चलनात येणं किंवा देणं असलं पाहिजे. 10 कोटी डॉलरपर्यंत कागद आधी दाखवावे लागत नाहीत, पण विचारले तर दाखवता आले पाहिजेत. तुझ्याकडे ना ऑर्डर, ना इनव्हॉइस. वणीच्या भाऊंनी मात्र आपली एक्स्पोर्ट ऑर्डर, इनव्हॉइस आणि बँकेत डॉलर आल्याची पावती प्रत्येक सौद्यासोबत एकाच फाईलमधे लावून ठेवावी.