वळणावर ओरडणारे टायर आणि फोर-एचचा लिव्हर

प्रश्न : माझ्याकडे लिव्हरने फोर-व्हील-ड्राइव्ह लावता येणारी, चार वर्षे वापरलेली डिझेल गाडी आहे. पावसाळ्यात बागेकडे जाणाऱ्या चिखलाच्या वाटेवर मी ती फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, चालवतो. अलीकडे इमारतीच्या गुळगुळीत काँक्रीटच्या पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवले, की चालण्याच्या वेगातही टायर मोठ्याने ओरडतात, स्टेअरिंग जड लागते आणि ॲक्सिलरेटर सोडताच गाडी ब्रेक दाबल्यासारखी थांबते. कुंभार्ली घाटातही एकदोन वळणांवर आवाज आला. डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा लागलेला पाहिल्याचे आठवत नाही, पण भर उन्हात तो नीट दिसतही नाही. गॅरेजमध्ये चारही टायर बदलायला सांगितले आहे, मात्र टायरची नक्षी अजून चांगली आहे. टायर बदलावेत का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात टायर घेऊ नका. तुमच्या पत्रात आवाजापेक्षा अधिक बोलके निरीक्षण आहे ते ॲक्सिलरेटर सोडताच गाडी थांबण्याचे. केवळ झिजलेल्या किंवा कडक झालेल्या टायरमुळे आवाज येऊ शकतो, पण गाडी अशी अडत नाही. हे लक्षण फोर-एच लागलेले राहिल्याचे आहे.

वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. दोन्ही ॲक्सलमधले, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या पुढच्या आणि मागच्या दांड्यांमधले, अंतर अडीच मीटर धरले आणि मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येच्या वळणावरून गेला, तर पुढच्या ॲक्सलची त्रिज्या सुमारे ५.६ मीटर होते. म्हणजे काटकोनात वळेपर्यंत पुढच्या चाकांना जवळजवळ ९० सेंटीमीटर जास्त धावावे लागते. डाव्या-उजव्या चाकांमधला असा फरक ॲक्सलवरचे डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, सांभाळते. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला फरक सांभाळायला मध्ये आणखी एक डिफरन्शियल लागते, आणि ते थार, जिम्नी किंवा जुन्या जिप्सीसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतेच फोर-व्हील-ड्राइव्ह लावायच्या, गाड्यांमध्ये नसते. फोर-एच लावले, की ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट (ती ताकद ॲक्सलपर्यंत नेणारे दांडे) एकाच गतीने फिरवते. मग चिखलात चाके थोडी घसरून हा हिशेब मिटवतात, काँक्रीटवर मात्र रबराची पकड सुटत नाही, शाफ्टमध्ये पीळ साठत जातो आणि तो असह्य झाला, की टायर ओरडत सरकतो. गाडी अडते ती याच पिळामुळे.

म्हणून पहिली परीक्षा लिव्हरची करावी. मोकळ्या सपाट जागी गाडी थांबवून लिव्हर टू-एचमध्ये (फक्त दोन चाकांना ताकद) घाला, काही मीटर सरळ मागे आणि पुन्हा पुढे न्या, म्हणजे साठलेला पीळ सुटून आतले गिअर मोकळे होण्यास वाव मिळेल. नंतर पार्किंगमधले तेच वळण, त्याच वेगाने, त्याच फरशीवर घ्या. गाडी मोकळी धावली आणि आवाज गेला, तर पावसाळ्यात लावलेले फोर-एच काढायचेच राहिले होते, एवढाच निष्कर्ष आहे. लिव्हर टू-एचवर असूनही गाडी अडत असेल, तर ट्रान्स्फर केस सुटत नाही, किंवा लिव्हरची जोडणी बिघडली आहे. ते काम गाडी नीट उचलून तपासू शकणाऱ्या मेकॅनिकचे आहे. घरी एक चाक जॅकवर घेऊन, गिअर टाकून पाहण्याचा मोह मुळीच करू नका. फोर-व्हील-ड्राइव्ह लागलेले असेल, तर जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून खाली ओढतात.

गाडी मोकळी धावते पण आवाज येतो, असे झाले तरच टायरांकडे वळावे. पॉलिश केलेल्या फरशीवर पूर्ण वळवलेल्या स्टेअरिंगला थोडा आवाज निरोगी गाडीतही येतो, आणि तो बाहेरच्या डांबरी रस्त्यावर नाहीसा होत असेल, तर त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. त्यानंतर टायर थंड असताना हवा मोजा. ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याशी ती जुळली पाहिजे. चिखलासाठी कमी केलेली हवा पुन्हा भरायची राहते, हे नेहमीचेच आहे. मग पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर टो, म्हणजे पुढची चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडला आहे आणि अलाइनमेंट करून घेतले, की बहुधा काम भागेल.

घाटातला आवाज मी वेगळा ठेवतो. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर पुढच्या-मागच्या अंतरातला फरक ३ टक्क्यांवर येतो, ६० मीटरच्या वळणावर तो नगण्य होतो. त्यामुळे फोर-एच लागलेले असेल, तर तीव्र वळणावर ते कारण ठरू शकते, एरवी घाटातला आवाज बहुतेकदा वेग जास्त असल्याचा असतो. पाऊस पडू लागला, की घाट उतरताना फोर-एच लावणारे बरेच जण भेटतात. डांबरावर त्याने ब्रेक लागण्याचे अंतर कमी होत नाही, उलट वळणावर गाडी बाहेर सरकू पाहते.

गॅरेजने टायर बदलायला सांगितले, त्यालाही एक बाजू आहे. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील, तर त्यांच्या व्यासात काही मिलिमीटरचा फरक पडतो आणि फोर-एचमध्ये सरळ रस्त्यावरही पीळ साठतो. तेव्हा चारही टायरची खोली मोजा. नक्षी खोबणीतल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली असेल, किंवा जोड्यांमध्ये ठळक फरक असेल, तर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे चारही टायर घ्यावेत, आणि स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी.