बाट कान्श्टाट आणि 'उपनगर'

प्रश्न जर्मनीतल्या एका ठिकाणाबद्दलचा आहे : 'बॅड कॅनस्टॅट हे स्टुटगार्टचे उपनगर आहे' हे वाक्य बरोबर आहे का? नाव असेच लिहायचे का आणि 'उपनगर' हा शब्द इथे चालेल का?

आधी नाव. 'बॅड कॅनस्टॅट' हे इंग्रजी वळणाचे वाचन झाले. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा 'ड' कठोर होऊन 'ट' ऐकू येतो आणि 'आ' दीर्घ असतो, म्हणून 'बाट'. नावातल्या दुसऱ्या शब्दात घटकाच्या सुरुवातीच्या 'स्ट'चा 'श्ट' होतो : कान्श्टाट. खुद्द शहराचे 'स्टुटगार्ट' हे रूप मात्र मराठीत रुळलेले आहे. मुंबईशी १९६८पासून भगिनी-शहराचे नाते असलेल्या या शहराचे नाव आता बदलू नये. कान्श्टाटमधला 'श्टाट' म्हणजे स्थान, ठिकाण. संस्कृत 'स्थिती' आणि हा शब्द मुळात एकाच धातूचे.

'बाट' म्हणजे स्नान, स्नानस्थळ. औषधी पाण्याच्या गावाला सरकारमान्यतेने मिळणारी ही उपाधी आहे. इथल्या झऱ्यांचे पाणी पावसाचेच. स्टुटगार्टच्या पश्चिमेकडच्या पठारावर ते मुरते, चुनखडीच्या थरांतून वाहताना क्षार घेते आणि नेकार नदीच्या खोऱ्यात खडकांतल्या भेगांमधून दाबाने वर येते. कान्श्टाट आणि शेजारचे बेर्ग मिळून दिवसाला सुमारे २ कोटी २० लाख लिटर. ही उपाधी मिळाली १९३३ साली, आणि नेमकी इथेच लिहिताना चूक होते. मोटारगाडीच्या जनकांपैकी एक असलेल्या गोटलीब डाइमलरने १८८२मध्ये बागेतल्या काचगृहात कार्यशाळा थाटली ती 'कान्श्टाट'मध्ये. तेव्हा 'बाट' नव्हते. १८१८पासूनच्या लोकोत्सवाच्या नावातही ते नाही : 'कान्श्टाटर फोल्क्सफेस्ट'. यातला '-अर' आपल्या '-चा'सारखा, तेव्हा मराठीत 'कान्श्टाटचा लोकोत्सव' म्हणावे. 'कान्श्टाटर' हे गावाचे नाव समजू नये.

आता 'उपनगर'. या शब्दात मूळ शहर आधी आणि त्याच्या कडेची वस्ती नंतर, असा क्रम गृहीत असतो. इथे क्रम उलटा आहे. कान्श्टाटच्या हालश्लाग टेकाडावर इ.स. १००च्या सुमारास रोमन घोडदळाची छावणी होती. स्टुटगार्टचा उगम मात्र दहाव्या शतकातला, घोड्यांच्या पैदाशीच्या आवारातून झाला असे मानतात. कान्श्टाटला १३३०मध्ये शहराचे हक्क मिळाले. व्युर्टेम्बेर्ग राज्यातली पहिली आगगाडी १८४५मध्ये धावली तीही कान्श्टाटहून उंटरट्युर्कहाइमला. कान्श्टाट स्टुटगार्टमध्ये विलीन झाले १ एप्रिल १९०५ रोजी. एवढेच नव्हे, कान्श्टाटला स्वतःची उपनगरे होती आणि त्यांची नावे अजून नकाशावर आहेत : नेकारफोरश्टाट आणि श्मिडेनर फोरश्टाट. 'फोरश्टाट' म्हणजे तटाबाहेरची वस्ती. 'उपनगर' हा शब्द खरा शोभतो तो तिला.

प्रशासनाची जर्मन संज्ञा आहे 'श्टाटबेत्सिर्क'. स्टुटगार्टमध्ये असे २३ : ५ आतले, १८ बाहेरचे. बाट कान्श्टाट बाहेरच्यांत मोडतो आणि लोकसंख्येने सर्वांत मोठा आहे. प्रत्येकाचे सल्लागार मंडळ असते, पण वेगळी नगरपालिका नसते. म्हणून 'नगरविभाग' किंवा नुसते 'विभाग' म्हणावे. 'जिल्हा' टाळावा, 'मुंबई उपनगर जिल्हा' डोळ्यांसमोर असलेल्या वाचकाला तिथे जिल्हाधिकारी आहे असे वाटेल. 'प्रभाग' हा शब्द निवडणुकीशी इतका जोडलेला आहे की तोही नको. श्टाटबेत्सिर्कच्या पोटातल्या 'श्टाटटाइल'साठी 'उपविभाग' ठीक आहे.

वांद्र्यासारखी जुनी गावेही आपण 'उपनगर'च म्हणतो, हा आक्षेप रास्त आहे. नुसते ठिकाण सांगायचे असेल तर बातमीत 'उपनगर' चालून जाईल. इतिहास सांगताना मात्र 'स्टुटगार्टमध्ये १९०५ साली सामील झालेले कान्श्टाट हे जुने शहर' असे लिहावे. पत्त्यात 'स्टुटगार्ट-बाट कान्श्टाट' : जोडरेघ शहर आणि विभाग यांच्यामध्येच, 'बाट'नंतर मोकळी जागा, आणि विभक्तिप्रत्यय शेवटच्या शब्दाला : बाट कान्श्टाटला, बाट कान्श्टाटमध्ये.