पगार वाढतोय, पण काम कुठलं मिळतंय?

ताई,
मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, वय ३१. सात वर्षं एका मध्यम आकाराच्या पंप कंपनीत काढली, आधी टेस्टिंगला, आता डिझाइनला. दूरच्या एका मोठ्या औद्योगिक शहरातून ऑफर आली आहे. पद ‘सीनिअर अॅप्लिकेशन इंजिनिअर’, पगार ४५ टक्के जास्त. इथं दरवर्षी पाच-सहा टक्के वाढ मिळते आणि काम त्याच तीन मॉडेलांचं. कॉलेजचे मित्र सॉफ्टवेअरला गेले, ते कुठल्या कुठे पोचले. मेकॅनिकलमध्ये पुढे काही आहे का, हेच कळेनासं झालंय. नवी कंपनी म्हणते, दोन-तीन वर्षांत परदेशातही पाठवू. बायको शाळेत शिकवते, मुलगी चार वर्षांची आहे. घर स्वतःचं आहे. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच असतात, त्यांना अजून काही बोललो नाही. दहा दिवसांत उत्तर द्यायचंय. जाऊ का?
– द्विधा मनाचा इंजिनिअर
(मूळ पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात दिलं आहे.)

अरे बाबा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पगारावर लिहिलंयस, मित्रांवर लिहिलंयस, शहरावर लिहिलंयस. नव्या ऑफिसात सकाळी जाऊन बसल्यावर तुझ्यासमोर काम काय येणार, यावर मात्र एक अक्षर नाही. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

‘अॅप्लिकेशन इंजिनिअर’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या असतात. एका ठिकाणी हा माणूस गिऱ्हाईकाच्या प्लांटवर जातो, सक्शनची, म्हणजे पंपात पाणी ओढून घेणारी, पाइपलाइन स्वतः बघतो, ‘इथं एनपीएसएच (पंपाच्या तोंडाशी लागणारा किमान दाब) पुरत नाही, हा पंप इथं चालणार नाही’ असं तोंडावर सांगतो, परत येऊन डिझाइनवाल्यांशी भांडतो. दुसऱ्या ठिकाणी सकाळी मेलमध्ये चौकशा आलेल्या असतात. फ्लो (पाणी किती) आणि हेड (किती उंच चढवायचं) सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, पंप तेच निवडून देतं, जुनी डेटाशीट उघडायची, आकडे बदलायचे, पाठवायची. संध्याकाळपर्यंत किती कोटेशनं बाहेर गेली, ते मोजलं जातं. पद तेच, व्हिजिटिंग कार्ड तेच. पहिल्या जागेवर तीन वर्षं काढलेला माणूस कुठेही उभा राहू शकतो. दुसऱ्या जागेवर तीन वर्षं काढलेल्याला फक्त तसलीच पुढची जागा मिळते.

हे मी ऐकीव सांगत नाही. तुझ्याच वयाची असताना मीही पगाराकडे बघून शहर बदललं होतं. पद मोठं होतं, काचेचं ऑफिस होतं. अडीच वर्षं मी जुन्या ड्रॉइंगांवर नवी नावं घातली. पुढच्या इंटरव्ह्यूला समोरच्या गृहस्थांनी अगदी साधं विचारलं, “तुम्ही शेवटचं काय डिझाइन केलंत?” मी जे उत्तर दिलं ते अडीच वर्षांपूर्वीचं होतं, आणि त्यांच्याही ते लक्षात आलं. ती नोकरी मला मिळाली नाही. नंतर मी जिथे गेले तिथे पगारात वाढ जवळजवळ नव्हतीच, पण पंप चालवून तपासायचा मोठा टेस्ट बेड होता आणि एक वयस्कर साहेब होते. गिऱ्हाईकाकडून पंप बिघडून परत आला की ते मला हाक मारून उघडायला लावायचे. पहिल्यांदा कॅव्हिटेशनने खाल्लेला इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक, हातात घेतला तो दिवस अजून आठवतो. पात्यांच्या तोंडाशी धातू स्पंजासारखा भोकाभोकांचा झाला होता, बोट फिरवलं तर टोचत होतं. बुडबुडे फुटून धातू खातात हे पुस्तकात पाच वेळा वाचलं होतं. पण त्यानंतर चालत्या पंपात खडे फिरल्यासारखा आवाज आला की माझा हात आपोआप सक्शनच्या गेजकडे जायला लागला. पुढची पंधरा वर्षं मला पगार मिळाला तो याच जाणतेपणाचा.

तू चार वर्षं टेस्टिंगला होतास, असं पुढे तारखांवरून दिसतंय. म्हणजे हे तुझ्याकडे आहे. ते कमी समजू नकोस आणि स्वस्तात गहाणही टाकू नकोस.

आता पैशाचं. तू आकडे दिलेस ते मी शंभराच्या हिशेबात मांडते. तुझा आजचा हातात येणारा पगार १००, बायकोचा ४०. घरात येतात १४०, खर्च होतात ९५, उरतात ४५. नवी ऑफर १४५ची. पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलास, की त्यातले २० ‘व्हेरिएबल’ आहेत. म्हणजे टार्गेट झालं आणि कंपनीची मर्जी राहिली तरच, तेही वर्षाच्या शेवटी. खात्रीचे १२५. तिकडे घरभाडं तूच ३० धरलंयस, येण्याजाण्याला मी ५ धरते. खर्च झाला १३०. आणि बायकोला तिकडे शाळा मिळेपर्यंत तिचे ४० शून्य. म्हणजे महिन्याला ५ खिशातून जाणार. तिला तितक्याच पगाराची नोकरी लागली तर उरतील ३५, आजच्यापेक्षा कमी. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर ५५. ४५ टक्क्यांची वाढ सगळं जमून आल्यावर हातात उरते ती इतकी. शिवाय पगाराच्या वरच्या थरावर कर जास्त लागतो, तो मी अजून धरलेलाच नाही.

याचा अर्थ जाऊ नकोस असा नाही. पैशासाठी जातोय, असं स्वतःला सांगून मात्र जाऊ नकोस. पहिली दोन वर्षं ते खरं ठरणार नाही, आणि मग चिडचिड घरातल्यांवर निघेल.

मग जायचं तर कशासाठी? माझ्या मते त्या शहरासाठी. अल्फ्रेड मार्शल नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवलंय, की एकच धंदा एका जागी एकवटला की त्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, ती जणू हवेतच असतात. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही हे पटेल. जिथे पंपवाले आहेत, व्हॉल्व्हवाले आहेत, फाउंड्री आहे, सीलवाले आहेत, मोठे प्रोसेस प्लांट आहेत, तिथे एक नोकरी नकोशी झाली तर घर न हलवता दुसरी मिळते. तू आज जिथे आहेस तिथे तुझ्या कामाची कंपनी एकच आहे, हे तूच लिहिलंयस. वाढ पाच-सहा टक्क्यांवर अडकते ती त्यामुळेही. तू कुठे जाणार नाहीस, हे त्यांना ठाऊक आहे. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण अशा जागी माणसाची किंमत हळूहळू गोठते आणि चाळिशीत ते फार जाचतं.

मित्रांचं मनावर घेऊ नकोस. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचा पगार वेगाने चढतो हे खरंच आहे. पण ‘मेकॅनिकलमध्ये काही नाही’ हे मला मान्य नाही, आणि पंपांच्या माणसाने तर हे म्हणूच नये. जगात वापरल्या जाणाऱ्या विजेतली ४० टक्क्यांहून जास्त वीज मोटारींवर चालणाऱ्या यंत्रणा खातात, आणि त्यात पंपांचा वाटा मोठा आहे. तुला माहीत असलेलाच नियम घे: वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती ०.८ चा घन, म्हणजे साधारण ५१ टक्के. जिथे स्टॅटिक हेड, म्हणजे पाणी चढवायची मूळ उंची, कमी आहे तिथे व्हॉल्व्ह आवळत बसण्याऐवजी व्हीएफडी (मोटारीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावून पंप हळू चालवला तर बिल बरंच खाली येतं. हा हिशेब कागदावर सगळ्यांनाच येतो. प्लांटवर उभं राहून कुठला पंप गरजेपेक्षा मोठा घेतलाय, कुठला कर्व्हच्या, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या आलेखाच्या, टोकाला चालतोय, हे ओळखणारा माणूस सहज सापडत नाही. समुद्राचं पाणी गोडं करायचे प्रकल्प, डेटा सेंटरचं कूलिंग, सांडपाण्यावरची प्रक्रिया, सगळीकडे पंप आहेत. मॉडेलं तीनच म्हणून कंटाळला असशील तर व्हायब्रेशन अॅनालिसिस शीक, ड्राइव्ह शीक. मित्रांचा हेवा करण्यात जाणारी संध्याकाळ तिकडे लाव.

परदेशाचं आश्वासन या निर्णयात धरू नकोस. ऑफर लेटरमध्ये ते आहे का? तू लिहिलंस, “एचआर म्हणाले.” बोललेलं म्हणजे लिहिलेलं नव्हे. पुढे खरंच योग आला, तर दोन गोष्टी आधी तपास. पदवी तिकडे धरतात का, हे बघ. १९८९ च्या वॉशिंग्टन करारातले देश एकमेकांकडच्या अॅक्रेडिटेड पदव्या मान्य करतात. पण मान्यता अभ्यासक्रमाला असते, आणि तू पास झालास त्या वर्षी तुझ्या अभ्यासक्रमाला ती होती का, ते महत्त्वाचं. शिवाय पदवी मान्य झाली म्हणजे तिथला व्यवसायाचा परवाना मिळाला असं होत नाही, तो वेगळा काढावा लागतो. दुसरं म्हणजे व्हिसा बहुतेक वेळा कंपनीला बांधलेला असतो. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मुलगी शाळेत असताना ६० दिवस म्हणजे काहीच नाही.

आता घरचं. बायकोच्या मताविषयी पत्रात एकच वाक्य आहे: “ती म्हणते, तू ठरवशील ते.” अरे, हे उत्तर नाही. नऊ वर्षं एका शाळेत शिकवून मिळवलेली जागा सोडून नव्या गावात ती पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहणार आहे. ‘तू ठरव’ म्हणणाऱ्या माणसाला पुष्कळदा नको म्हणायचं असतं आणि तुझ्या वाटेत यायचं नसतं. तिला असं विचार: “आपण गेलो आणि तुला वर्षभर नोकरी लागली नाही, तर तुझे दिवस कसे जातील?” मग गप्प बस आणि ऐक. तिकडच्या शाळांमध्ये भरती वर्षाच्या कुठल्या महिन्यात होते, हे तिला आधी शोधू दे. रुजू व्हायची तारीख त्याप्रमाणे मागून घेता येते. चांगल्या इंजिनिअरसाठी कंपन्या महिना-दोन महिने थांबतात.

‘मी एकटा पुढे जातो, तुम्ही मागून या’ असा विचार असेल तर मुदत ठरव. तीन महिने ठीक आहे. मुदत न ठरवता गेलेल्यांची दोन-दोन वर्षं फोनवर गेलेली मी पाहिली आहेत. चार वर्षांच्या मुलीची दोन वर्षं म्हणजे तिचं अर्धं आयुष्य.

कंपनीला फोन कर. तुझ्या जागेवर याआधी कोण होतं आणि ते आता कुठे आहे, हे विचार. तो माणूस बढती मिळून आत गेला असेल तर चांगलं; दीड वर्षात सोडून गेला असेल तर का ते विचार. महिन्यातले किती दिवस साइटवर आणि किती टेबलावर, हे विचार. टेस्ट बेड आहे का आणि तुला तिथे जाता येईल का? मागची तीन वर्षं व्हेरिएबल किती टक्के दिलं गेलं? ज्याच्या हाताखाली काम करणार त्याच्याशी अर्धा तास बोलायला माग, एचआरशी नव्हे. वर्षाच्या आत सोडलं तर जॉइनिंग बोनस परत द्यावा लागतो का, तेही बघून ठेव.

हे प्रश्न विचारल्यावर कंपनी नाराज झाली, तर तुला उत्तर मिळालं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आणि काम साइटचं निघालं, तर माझं मत जा असं आहे, पहिलं वर्ष ओढाताणीचं जाईल हे धरून. काम कोटेशनं पाडायचं निघालं तर ही ऑफर सोड, पण त्या शहरात शोध चालू ठेव. सात वर्षं पंपांवर काम केलेल्या माणसाला तिथे दुसरी जागा मिळेल. आणि सध्याच्या कंपनीला ही ऑफर दाखवून पगार वाढवून घ्यायचा बेत असेल, तर तो मला फारसा आवडत नाही. पैसे वाढतील, मॉडेलं तीनच राहतील.

राहिले बाबा. त्यांना त्रास होईल म्हणून बोलला नाहीस, हे समजतं. पण घरात चाललेली कुजबुज त्यांना कळत नसेल असं धरू नकोस. त्यांची बायको गेली आणि आता मुलगा काहीतरी लपवतोय, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचतंय. ते कदाचित ‘मी इथेच राहतो’ म्हणतील, कदाचित ‘मलाही ने’ म्हणतील, किंवा रागावतील. काहीही म्हणोत, ऑफरवर सही व्हायच्या आधी ते म्हणायची संधी त्यांना मिळायला हवी. नंतर सांगितलंस तर ती नुसती बातमी होईल. इथेच राहतो म्हणाले तर रात्री-अपरात्री त्यांच्या हाकेला कोण येईल, त्या माणसाचं नाव आणि नंबर ठरल्याशिवाय होकार देऊ नकोस.

दहा दिवस आहेत म्हणतोस. कंपनीला फोन उद्या कर. बाबांशी आज बोल, मुलगी झोपल्यावर, टीव्ही बंद करून.

– ताई