एसीएलच्या ऑपरेशनला नऊ महिने झाले, गुडघा बरा आहे, पण खो-खोत वळताना भीती वाटते. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात खो-खो खेळता, जानेवारीत डाव्या गुडघ्याचं एसीएलचं, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाचं, ऑपरेशन झालं. सर्जन म्हणतात खेळायला हरकत नाही, सर म्हणतात मन घट्ट कर, पण खांबाशी वळायची वेळ आली की पाय आपोआप आखडतो. शिवाय नवरात्रात गरबा खेळावा का?

आधी मनातली बोच काढून टाका, हा भित्रेपणा नाही. 2014 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात ऑपरेशननंतर 81 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले होते, 65 टक्के जुन्या पातळीवर पोहोचले आणि स्पर्धात्मक खेळात 55 टक्केच. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांचे गुडघे ठीक असतात, अडवते ती पुन्हा इजा होण्याची भीती. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांचा आपल्या गावाला मोठा वारसा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण 'मन घट्ट कर' हा काही व्यायाम नव्हे. त्याला सेट नाहीत, आवर्तनं नाहीत.

भीती खरं बोलतेय का, हे पहिल्यांदा तपासा. पाय अजून कमी पडत असेल तर मन तेच सांगतंय, आणि त्याचं ऐकायला हवं. जमिनीवर खडूने रेघ मारा. एका पायावर उभं राहून अंगठा रेघेला लावा, पुढे उडी मारा, त्याच पायावर उतरा आणि दोन सेकंद न हलता थांबा. टाच टेकली तिथपर्यंत मोजा. दोन उड्या सरावाच्या, तीन मोजायच्या. समजा चांगल्या पायाने 148 सेंटिमीटर आणि ऑपरेशनच्या पायाने 126 भरले, तर ते 85 टक्के झाले. निदान 90 हवेत. इथे फसगत दोन प्रकारे होते. एक म्हणजे इतक्या महिन्यांत चांगला पायही कमजोर झालेला असतो, त्यामुळे टक्केवारी फुगते. दुसरं, खुबा आणि घोटा जोर लावून अंतर भरून काढतात आणि गुडघा कामचुकारपणा करतो. म्हणून मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद फिजिओकडे यंत्रावर वेगळी मोजून घ्याच. गुडघा सटकतोय असं वाटलं किंवा सूज येत असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून सर्जनला गाठा.

पाय खरा उतरला की मन मोजायचं. त्यासाठी एसीएल-आरएसआय नावाची 12 प्रश्नांची प्रश्नावली 2008 पासून वापरात आहे. भावना, स्वतःच्या खेळावरचा विश्वास आणि धोक्याचा अंदाज अशा तीन बाजूंनी ती विचारते. प्रत्येक उत्तराला 0 ते 100 गुण, जास्त गुण म्हणजे जास्त तयारी. फिजिओकडून मागून घ्या आणि घरी एकटं बसून भरा. सरांसमोर भरली की गुण वाढतात. सरासरी बघण्यापेक्षा सगळ्यात कमी गुणांची तीन उत्तरं बघा, काम तिथे आहे. 'अचानक पाय सटकेल' याला 20 आणि बाकी सगळीकडे 80 असतील, तर तुम्हाला धीर देणारी भाषणं नकोत, अचानकपणाचा सराव हवा.

तो सराव पायऱ्यांनी करायचा. ज्या हालचालींची धास्ती वाटते त्या वहीत लिहा, प्रत्येकीला 0 ते 10 भीतीचे गुण द्या आणि 3-4 वाल्या हालचालीपासून सुरुवात करा. पळतीसाठी साधारण क्रम असा धरा: सरळ पळून थांबणं, अर्ध्या वेगात खांबाला वळसा, शंकूंमधून साखळी (नागमोडी पळणं), मग बसलेल्या गड्यांमधून साखळी. त्यानंतर मागे आक्रमक, पण कुठे खो देणार हे आधी सांगून. मग न सांगता. सूर अगदी शेवटी. चढाईची, म्हणजे पाठलाग करतानाची, भीती वेगळी मोजा, कारण चौकोनात उकिडवं बसून खो मिळताच उसळून वळणं हे पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावरचं काम आहे, पळण्याने त्याची तयारी होत नाही.

एका पायरीवर आठवड्यातून दोन-तीन सत्रं. भीती 3 किंवा त्याखाली आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीच्या मध्यावर टेपने मोजलेला घेर वाढला नसेल, तर पुढे जा. सेंटिमीटरभर वाढला तर एक पायरी मागे. सगळ्यात मोठी चूक होते ती भीती शिगेला पोहोचल्यावर सराव सोडण्याची. सुटका झाल्याचा जो निःश्वास टाकतो, त्यातून मेंदू शिकतो की पळ काढला म्हणून वाचलो. दुखत नसेल तर वेग कमी करा, पण तीच हालचाल आणखी चार-पाच वेळा करूनच मैदान सोडा.

मित्राला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये खांबाची वळणं टिपायला सांगा. वळताना बाहेरचा पाय कुठला रोवला गेला ते मोजा. दहापैकी नऊ वेळा उजवाच निघाला तर डाव्याला तुम्ही नकळत वाचवताय, आणि वाचवलेल्या पायावर विश्वास कधीच बसत नाही. सरावाला रोज नीकॅप लागतेच का, नजर सारखी गुडघ्याकडे जाते का, हेही बघा. या इजेनंतर मेंदू सांध्याच्या जाणिवेपेक्षा डोळ्यांवर जास्त विसंबायला लागतो. खेळात मात्र डोळे दुसरीकडे हवेत. आक्रमकाचा खांदा एकदा वळला की त्याला दिशा बदलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मग नजर त्या खांद्यावर रोवा. साखळी पळताना 100 मधून 7-7 वजा करत मोठ्याने आकडे म्हणा. सुरुवातीला वेग पडेल, काही आठवड्यांत पाय आपलं आपण बघायला लागतो.

सरांशी बोलताना 'भीती वाटते' एवढंच म्हणू नका, वही दाखवा. पहिल्या सामन्यांत तिसऱ्या तुकडीत पळायचं आणि दोन मिनिटांनी बाद झालात तरी चालेल, एवढं आधी ठरवून घ्या. आणि भीती मुळीच नसणं हा परवाना नव्हे. नॉर्वे-अमेरिकेच्या 2016 च्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत खेळ लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी कमी दिसलं. इजेच्या वेळचा 'कट' आवाज झोपेत ऐकू येत असेल, मैदानाचा रस्ताच टाळत असाल किंवा आठवडे उदास जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता गरबा. उडीची आणि ताकदीची चाचणी पार केली असेल, तर फिजिओला विचारून खेळा, कारण ठरलेल्या तालावरचं वळण ही शिडीतली चांगली पायरी आहे. फक्त गोल एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे रात्रभर वळणाचा भार त्याच त्या पायावर येतो. म्हणून घरी उलट्या दिशेनेही तेवढीच वळणं घ्या. पहिल्या रात्री अर्धा तास, बाहेरच्या कडेला, गर्दीचे धक्के लागणार नाहीत असं. अनवाणी खेळणार असाल तर घरच्या अंगणात आठवडाभर अनवाणी वळून बघा, ओल्या मातीत पाय घसरतो आणि कोरड्या खडबडीत जागी अडकतो. ताल चढला की मैत्रमंडळी हाताला धरून आत ओढतात. तेव्हा बाहेर पडायचं हे घरून निघतानाच ठरवा, आणि सकाळी उठल्यावर टेप काढा.