२११ चा रकाना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. काल तू अर्धा चहा ठेवून उठलास. पोराला काय बोललात म्हणून काकू रात्रीपर्यंत विचारत होती. बोललो काहीच नव्हतो. तू दहावीच्या अर्जासाठी फोन माझ्या हातात दिलास, "काका, तुम्हीच भरा, तुम्हाला सवय आहे" म्हणालास, आणि मी तो टीपॉयवर पालथा ठेवला. तुला ते लागलं. मला समोरासमोर नीट सांगता येत नाही, तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात खिडकीच्या आतून बोलायची सवय. म्हणून लिहितोय.

आधी तुझा गोंधळ. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे आपल्या राज्य बोर्डाची नेहमीचीच दहावी, बाहेरून. अर्ज ऑनलाइन, मग त्याची प्रिंट आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला नेमून दिलेल्या शाळेत. विषय सगळे एकदम, पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गातल्या पोरांबरोबर. काही अडलं तर विभागीय मंडळ वाशीतच आहे. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, तू ज्याला नुसतं ओपन म्हणतोस ती. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी. मराठी माध्यम आहे. एका खेपेला दोनच पेपर दिलेस तरी कुणी विचारत नाही. रबाळ्याच्या शिफ्टमध्ये पॅकिंग करणाऱ्याला, ज्याची नाइट कधी लागेल ते सुपरवायझरलाही ठाऊक नसतं, त्याला ही दुसरी वाट बरी. शेजारचे म्हणतील ओपनचं सर्टिफिकेट चालत नाही. चालतं. ही केंद्र सरकारची संस्था आहे, १९८९ पासूनची. या विषयावर पुन्हा माझं डोकं खाऊ नकोस.

आणि तो स्टेशनजवळचा क्लासवाला. 'घरबसल्या दहावी, हमखास पास.' घरबसल्या पापड होतात. पेपर केंद्रावर जाऊनच द्यावा लागतो. त्याची फी मला नाही खटकत, पोट त्यालाही आहे. खटकतं ते हे की तो अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. ओटीपी त्याला, पासवर्ड त्याच्याकडे, पुढचे सगळे मेसेज त्याच्या फोनवर. प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेची भरली असं नसतं, ती वेगळी भरावी लागते, तिच्या तारखा वेगळ्या. कळव्यातल्या एका पोराची ती तारीख अशीच गेली. मेसेज आला होता, पण ज्याच्या फोनवर आला त्याने तो उघडलाच नव्हता. पोराचे सहा महिने बुडाले.

म्हणून सांगतो, अर्ज आपल्या हाताने भरायचा. नंबर तुझा, ईमेल तुझा, पासवर्ड तुझ्या वहीत. मला चष्मा लावूनही बारीक दिसत नाही हे कारण नव्हतं काल.

तू म्हणालास, "गणित नको काका, काहीतरी सोपं टाका." तिथं माझं डोकं फिरलं. का फिरलं ते ऐक.

दहा-बारा वर्षं झाली. आमच्याकडे पोळ्या करायला ज्या ताई येत, त्यांची मुलगी. सातवीनंतर शाळा सुटलेली, चार वर्षं घरी. हुशार म्हणजे किती, तर आमच्या मिक्सरचे कार्बन तिने बदलले, दुकानातून दहा रुपयांचे आणून, काकूच्या भाजीच्या सुरीने स्क्रू काढून. तिचा ओपनचा अर्ज मी भरला. आमच्याच हॉलमध्ये, याच टीपॉयवर. सही अपलोड करायला कोरा कागद हवा होता म्हणून कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, ते आठवतंय. किमान पाच विषय घ्यावे लागतात, त्यात एक तरी भाषा; प्रत्येक विषयाला त्याचा नंबर. मराठी २०४, हिंदी २०१, विज्ञान २१२, सामाजिक शास्त्र २१३. पाचव्यापाशी ती काहीतरी म्हणत होती. मी २११ सोडून २१६ वर टिक केली. गणिताऐवजी गृहविज्ञान. "पास होशील," म्हटलं. तिने मान हलवली.

झाली की पास! पहिल्या फटक्यात. पेढे घेऊन आली. सोसायटीत माझं कौतुक झालं, खोटं कशाला बोलू, मला आवडलंही ते.

पुढे आयटीआयला गेली. इलेक्ट्रिशियन हवं होतं तिला. तिथं त्या ट्रेडला दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. संध्याकाळी आमच्या दाराशी बसली, मार्कशीट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "काका, तो २११ चा रकाना तुम्हाला दिसला होता का?"

आता मी तुला माझी बाजूही सांगतो. गणित घेतलं असतं तर ती कदाचित नापास झाली असती. एकदा नापास झालेली पोर दुसऱ्यांदा अर्जाला हात लावत नाही, अशा किती पोरी मी खिडकीतून पाहिल्यात. नंतर जादा विषय म्हणून गणित देता येतं, हेही मी तिला सांगितलं. तोवर ती दुकानात उभी राहायला लागली होती, बारा तास. मी चुकलो असं मला आजही पुरतं पटत नाही. पण रकाना तिचा होता. ती पडली असती तर स्वतःच्या टिकेने पडली असती.

माझाही अर्ज दादाने भरला होता, अकरावीचा. कॉमर्स. प्रेमानेच भरला. पुढे कारकून झालो, त्यावर हे घर झालं, तक्रार करायला तोंड नाही. तरी कधीकधी वाटतं.

आणि तुला गणित येत नाही? काल बोलता बोलता पगाराचा हिशोब सांगितलास. पंचवीस दिवस, दोन खाडे, रोजचे साडेपाचशे, बारा हजार सहाशे पन्नास. तोंडी. कागद नाही, फोन नाही. मी मनातल्या मनात पडताळा घेतला, मला तुझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. पास व्हायला तेहतीस टक्के लागतात, शंभर नव्हे. तरीही नकोच असेल तर नको घेऊस. पण २११ वर बोट ठेव, वाच, आणि मग सोड. मला सोडायला सांगू नकोस.

आठवी अर्धी सुटली म्हणून प्रवेश मिळेल का, हे तू दोनदा विचारलंस. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली आणि तुमच्या घरातला एकुलता फोन वडील कामावर घेऊन जात, त्यात तुझा दोष काय? ओपनच्या दहावीला वय चौदा पूर्ण लागतं. आठवीचा दाखला नसेल तर स्वतःच लिहून द्यायचं असतं, की दहावीचा अभ्यास झेपेल एवढं मी शिकलो आहे. हेडमास्तरांनी नव्हे, तू लिहायचं. माझी सगळी नोकरी दाखल्यांवर शिक्के मारण्यात गेली, आणि इथं पोराच्या शब्दावर प्रवेश देतात! मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते गैरच वाटलं होतं. आता त्या कागदाएवढा दुसरा कुठलाच आवडत नाही.

तो कागद घरून लिहून आण. रफ केलंस तरी चालेल, शुद्धलेखन मी बघेन, वाक्य बघणार नाही. पुढे असाइनमेंट येतील, त्यांना वीस टक्के वजन असतं, त्याही तशाच, तुझ्या अक्षरात. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात हे मला माहीत आहे, तू सांगायची गरज नाही.

अभ्यास कुठं करणार, हे तू विचारलं नाहीस, पण ते अवघड जाणार. दिघ्याची ती एक खोली, टीव्ही, आजीचा खोकला, दोन्ही बहिणी. शिफ्टवरून आल्यावर पुस्तक उघडेन म्हणशील, नाही उघडणार, झोपशील. जायच्या आधीचा पाऊण तास धर. आमची गॅलरी सकाळी रिकामी असते. काकूला विचारलंय, ती हो म्हणाली. फक्त कुंड्या हलवायच्या नाहीत.

रविवारी दहाला ये. आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, आणि सहीसाठी कोरा कागद. पेन काळं आण, निळ्याची सही स्कॅनमध्ये फिकट येते. मी शेजारच्या खुर्चीत बसेन. चुकलास तर लगेच सांगणार नाही, माझं तोंड आवरायला काकू आहेच.

तुझा,
काका

ता.क. फोनचा पासवर्ड आणि अर्जाचा पासवर्ड एकच ठेवू नकोस. तुझ्या धाकटीला फोनचा माहीत आहे, काल तिनेच उघडून दिला.