तापमानाचा लाल दिवा

प्रश्न : माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तापमानाचा काटा आहे, पण कुंभार्ली घाट चढताना त्याच्याकडे लक्ष जात नाही. डॅशबोर्डवर लाल दिवा बसवता येईल का? काट्याच्याच वायरवर जोडला तर चालेल?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दिवा जरूर बसवा, पण काट्याच्या वायरला हात लावू नका. काट्याचा सेंडर, म्हणजे इंजिनावरचा तापमान ओळखणारा भाग, तापमानानुसार आपला विद्युतरोध बदलतो. त्यावर बल्ब जोडलात तर काटा चुकीचं दाखवेल. वेगळा टेम्परेचर स्विच घ्या, साधारण १०५ अंश सेल्सिअसला सर्किट जोडणारा. तो सिलिंडर हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या घरात, इंजिनातून गरम पाणी बाहेर पडतं तिथे बसवा. रेडिएटरच्या खालच्या होजवर (रबरी नळीवर) नको, तिथलं पाणी रेडिएटरमधून थंड होऊन आलेलं असतं.

इग्निशन चालू केल्यावरच करंट येणाऱ्या वायरवरून २ अँपिअरच्या फ्यूजमधून दिव्याला आणि दिव्यातून स्विचला वायर न्या. एकच टर्मिनल असलेल्या स्विचला अर्थिंग (इंजिनच्या धातूशी जोडणी) त्याच्या आट्यांतून मिळतं, म्हणून टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका. साधा एलईडी असेल तर १ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. मग इग्निशन चालू करून स्विचची वायर काढा आणि इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा लागला पाहिजे.

एक धोका मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. होज फुटून पाणी वाहून गेलं, तर स्विच कोरडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही दिवा विझलेला राहू शकतो. काटा अचानक खाली आला तरी गाडी लगेच थांबवा. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका.